आधी रूळ, मग गाव

मुलाबाळांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या वाचकांनी तिथल्या मैदानी मुलखातील लहान रेल्वेगावांबद्दल पाठवलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. इलिनॉय, आयोवा, नेब्रास्का आणि कॅन्सस या राज्यांपुरतीच उत्तरे मर्यादित ठेवली आहेत.

प्रश्न : नेब्रास्कातून मोटारीने जाताना दर आठ-दहा मैलांवर एक गाव लागत होते. प्रत्येक गावात धान्याचा उंच मनोरा, पाण्याची टाकी आणि एकच बाजाररस्ता. ही गावे कोणी मोजून वसवली आहेत का?

हो, मोजूनच वसवली आहेत. गाव होते म्हणून तिथे स्टेशन झाले, असे आपण सहज धरून चालतो. या मुलखात बहुतेक ठिकाणी क्रम उलटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूळ आधी पडले, मग स्टेशनची जागा ठरली आणि त्यानंतर कागदावर गाव आखून भूखंड विकायला काढले गेले. म्हणून अशा गावाबद्दल कोणतीही शंका आली, तर पहिला प्रश्न रेल्वेला विचारावा. उत्तर बहुधा तिथेच सापडते.

अंतराचे गणित दोन गोष्टींवर बसवलेले होते. पहिली गोष्ट पाणी. वाफेच्या इंजिनाला कोळशापेक्षा पाणी कितीतरी अधिक लागते. एक किलो कोळसा जळला की साधारण सहा-सात किलो पाण्याची वाफ होते आणि ती धुराड्यातून निघून जाते. सुरुवातीच्या इंजिनांच्या टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागे जोडलेल्या कोळशा-पाण्याच्या डब्यात, जेमतेम दोन-तीन हजार गॅलन पाणी मावे (अमेरिकी गॅलन म्हणजे पावणेचार लिटर). त्यामुळे थोड्या थोड्या अंतरावर पाणी भरण्याची सोय ठेवणे भाग होते.

दुसरी गोष्ट शेतकऱ्याची घोडागाडी. एका गाडीत सुमारे पन्नास बुशेल गहू भरत असे. गव्हाचा एक बुशेल म्हणजे ६० पौंड, अर्थात सुमारे २७ किलो. तेव्हा गाडीवर साडेतेराशे किलोच्या आसपास ओझे झाले. कच्च्या रस्त्याने एवढे ओझे घेऊन घोडे तासाला दोन-तीन मैल चालतात. सकाळी निघून माल उतरवायचा, सामान घ्यायचे आणि रात्रीच्या आत घरी परतायचे, तर स्टेशन पाच-सहा मैलांपेक्षा फार दूर असून चालत नाही. रुळांवर दर सात ते दहा मैलांवर स्टेशन ठेवले की लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंचा बराचसा मुलूख या टप्प्यात येतो. रुळांची देखभाल करणाऱ्या गँगलाही साधारण एवढाच पट्टा झेपत असे. मुकादम आणि चार-सहा माणसे हातढकल ट्रॉलीने रोज त्याची पाहणी करत.

पुढे टेंडर मोठे झाले आणि प्रत्येक गावात पाण्यासाठी थांबण्याची गरज उरली नाही. घोडागाडीचे गणित मात्र मोटारट्रक येईपर्यंत टिकले, म्हणून गावेही तोवर टिकली.

प्रश्न : या टाक्यांचे पाणी हिवाळ्यात गोठत नसे का? आणि कुठलेही पाणी इंजिनाला चालत असे का?

गोठत असे, आणि ते टाळण्याची खास व्यवस्था होती. लाकडी फळ्यांची गोल टाकी जाड खांबांवर उभी असे. तिचा तळ रुळांपासून इतका उंच ठेवत की नळ सोडला की पाणी आपोआप टेंडरमध्ये पडावे. सगळ्यांत आधी गोठणारी जागा म्हणजे खालून वर जाणारा उघडा नळ. त्याभोवती लाकडी पेटीचे दुहेरी-तिहेरी आवरण घालून मध्ये हवेची पोकळी ठेवत. बऱ्याच ठिकाणी टाकीखालची जागा बंदिस्त करून तिथे शेगडीही पेटवत. सुरुवातीला पाणी पवनचक्कीने चढवत, पुढे वाफेचे किंवा तेलाचे पंप आले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाम ‘नाही’ असे आहे. पश्चिमेकडे सरकावे तसे पाणी क्षारयुक्त होत जाते आणि त्याचे दोन वेगवेगळे त्रास असतात. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतील तर बॉयलरच्या नळ्यांवर दगडासारखा थर बसतो. धातूची उष्णता पाण्यात उतरत नाही, नळी तापून कमजोर होते आणि गळू लागते. सोडियमचे क्षार असतील तर थर बसत नाही, पण बॉयलरमध्ये फेस येतो. फेसाबरोबर पाणी सिलिंडरमध्ये शिरते. वाफ दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. दट्ट्या पुढे आला की सिलिंडरचे झाकणच उडू शकते. पहिल्या त्रासावर चुना आणि धुण्याचा सोडा घालून पाणी मऊ करण्याचा उपाय होता. दुसऱ्यावर बॉयलरमधले क्षाराने दाटलेले पाणी वरचेवर सोडून देणे एवढेच हाती होते. एखाद्या स्टेशनची टाकी नदीकाठी दूर नेलेली आणि तिथून लांबलचक नळ टाकलेला दिसला, तर जवळच्या विहिरीचे पाणी वाईट होते किंवा पुरेसे नव्हते, अशी शंका घ्यायला जागा असते.

प्रश्न : गावाचा मुख्य रस्ता रुळांशी येऊन चक्क संपतो. शिवाय आजूबाजूचे सगळे रस्ते काटेकोर उत्तर-दक्षिण असताना गावातले रस्ते तिरके आहेत. ही चूक म्हणायची की योजना?

योजनाच. आणि हा प्रश्न नकाशा हातात घेऊन सोडवण्याजोगा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या मुलखाची मोजणी १७८५ च्या कायद्याने ठरवलेल्या चौकोनी पद्धतीने झाली. सहा मैल लांब-रुंद चौकोनाला टाउनशिप म्हणतात. तिचे एकेक मैलाचे ३६ भाग म्हणजे सेक्शन. एक सेक्शन ६४० एकरांचा. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेला जातात, खालच्या ओळीत उलटे फिरून पूर्वेला येतात, आणि असे नागमोडी ३६ पर्यंत पोचतात. गावाबाहेरचे रस्ते सेक्शनच्या सीमांवरून काढले, म्हणून ते मैलामैलावर आणि सरळ आहेत. मध्येच एखादा सरळ रस्ता काही फूट बाजूला सरकून पुन्हा सरळ जातो. त्यामागे मोजणीदाराची झोप नाही. पृथ्वी गोल असल्याने उत्तरेकडे रेखांश जवळ येतात, आणि ती तूट ठरावीक अंतरावर अशी भरून काढावी लागते.

लोहमार्गाने हे चौकोन जुमानले नाहीत. त्याला कमी चढण हवी असते. शंभर फुटांत एक फूट, म्हणजे एक टक्का चढणसुद्धा जड मालगाडीला जाणवते. म्हणून रूळ नदीच्या खोऱ्यातून किंवा दोन नद्यांमधल्या उंचवट्यावरून, जमीन नेईल तसे तिरके गेले. गाव आखणाऱ्याने पायारेषा धरली ती रुळांची. रस्ते रुळांना समांतर आणि काटकोनात काढले, त्यामुळे सगळे गावच तिरके झाले. गावाच्या हद्दीवर जिथे रस्ता एकाएकी वळतो, तिथे रेल्वेचा आराखडा संपून सरकारी मोजणी सुरू होते. पुढे गाव वाढले तेव्हा नवे रस्ते पुष्कळदा सरकारी चौकोनांप्रमाणे सरळ काढले गेले. म्हणून नकाशावरचा तिरका भाग पेन्सिलीने रंगवला की मूळ गाव जवळपास हातात येते.

मुख्य रस्त्याच्या आराखड्याचे तीन प्रकार आढळतात. सर्वांत जुन्या प्रकारात रुळांच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दुकानांच्या रांगा असतात. इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या मार्गावर १८५० च्या दशकात असे एकाच साच्यातले आराखडे वापरले गेले, रस्त्यांना झाडांची नावेही तीच ती. बाजार दोन भागांत तुटतो, गिऱ्हाइकाला सतत रूळ ओलांडावे लागतात, आणि शंटिंग चालू असले की अर्धा गाव अडकून राहतो, हे त्यातले वैगुण्य. दुसऱ्या प्रकारात मुख्य रस्ता रुळांना काटकोनात छेदून पलीकडे जातो. तिथेही फाटकाचा त्रास उरलाच. तिसरा प्रकार तुम्ही पाहिलात तो. मुख्य रस्ता स्टेशनसमोरून सुरू होतो आणि गाव रुळांच्या एकाच बाजूला वसते, इंग्रजी टी अक्षरासारखे. १८८० नंतर वसलेल्या गावांत हाच प्रकार रूढ झाला. म्हणजे कागदपत्रे हाती नसतानाही नुसत्या आकृतीवरून गावाचे वय अंदाजता येते. अपवाद पुष्कळ आहेत, म्हणून ही फक्त पहिली खूण समजावी.

मापेही बोलकी असतात. बाजारातला भूखंड बहुधा २५ फूट रुंदीचा आणि १४० फूट खोलीचा, घरासाठीचा त्याच्या दुप्पट रुंद. मुख्य रस्ता ८० ते १०० फूट रुंद, कारण जोडी जुंपलेली गाडी एका दमात वळवायला तेवढी जागा लागे. आज अशा गावात मोटारी तिरप्या उभ्या करूनही रस्ता मोकळा वाटतो. ती ऐसपैस जागा घोड्यांसाठी सोडलेली आहे. कोपऱ्यावरचा भूखंड सर्वांत महाग, तो बहुधा बँकेने घेतलेला दिसेल.

प्रश्न : पण रेल्वेला एवढी जमीन मिळाली कशी?

दोन वाटांनी मिळाली. पहिली वाट सरकारी अनुदानाची. १८५० च्या कायद्याने इलिनॉय सेंट्रलसाठी आणि १८६२ च्या पॅसिफिक रेल्वे कायद्याने युनियन पॅसिफिकसारख्या मार्गांसाठी केंद्र सरकारने सेक्शन दिले, पण सलग नव्हे, एकाआड एक. युनियन पॅसिफिकच्या पट्ट्यात विषम क्रमांकाचे रेल्वेचे, सम क्रमांकाचे सरकारचे; इलिनॉय सेंट्रलच्या पट्ट्यात याच्या उलट. १८६२ च्या कायद्यात मैलामागे दोन्ही बाजूंना पाच-पाच सेक्शन होते, १८६४ मध्ये ते दहा-दहा झाले. शिवाय रुळांसाठी दोन्ही बाजूंना दोनशे-दोनशे फुटांचा पट्टा आणि स्टेशने, कारखाने, सायडिंग (गाड्या उभ्या करायचे बाजूचे रूळ), पाण्याच्या जागा यांसाठी वेगळी जमीन होती. अनुदानाच्या पट्ट्यात सरकारने आपल्या सेक्शनची किंमत दुप्पट, एकरी अडीच डॉलर केली. रेल्वे आली की जमिनीचा भाव वाढणार आणि निम्मी देऊनही तिजोरीचे नुकसान होणार नाही, असा तो हिशेब होता. त्याची झळ घरभाट घेणाऱ्या शेतकऱ्याला लागली. जमिनीवर राहून ती कसणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या १८६२ च्या होमस्टेड कायद्याने इतरत्र १६० एकर मिळत असताना या पट्ट्यात सुरुवातीची बरीच वर्षे त्याला ८० एकरच मिळत.

दुसरी वाट खरेदीची. अनुदान नसलेल्या मार्गावर रेल्वेशी संबंधित मंडळींची वेगळी गावठाण कंपनी असे. स्टेशनची जागा जाहीर होण्याआधीच ती शेतीच्या भावाने शे-दीडशे एकर घेऊन ठेवी आणि मग फुटांच्या हिशेबाने भूखंड विके. म्हणून जुन्या खरेदीखतांत रेल्वेचे नाव न दिसता भलत्याच कंपनीचे किंवा एखाद्या विश्वस्ताचे नाव दिसले, तरी बुचकळ्यात पडू नये.

प्रश्न : नेब्रास्कात काही गावांची नावे ओळीने इंग्रजी वर्णमालेप्रमाणे लागतात असे ऐकले. खरे आहे का?

खरे आहे. लिंकनहून पश्चिमेला जाणाऱ्या बर्लिंग्टन रेल्वेच्या मार्गावर क्रीट, डॉर्चेस्टर, एक्सेटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलंड, जुनिआटा, केनेसॉ, लोवेल अशी सी पासून एल पर्यंत ओळ लागते. नावे देणाऱ्याला शंभर नावे सुचणे अवघड, त्यामुळे वर्णमालेचा आधार घेतला गेला. नावाची निवड अगदीच मोकळी मात्र नसे. एका राज्यात एकाच नावाची दोन टपाल कार्यालये चालत नसत. तारेवर गोंधळ होऊ नये म्हणून शेजारच्या स्टेशनांची नावे कानाला वेगळी लागणेही सोयीचे होते. पुष्कळ गावांत नावाच्या उगमाची एखादी रसाळ दंतकथा सांगतात. ती आवडीने ऐकावी, पण शेजारच्या दोन स्टेशनांची नावे तपासल्याशिवाय लिहून ठेवू नये.

प्रश्न : धान्याचे ते उंच लाकडी मनोरे आत कसे असतात? बाहेरून पत्रा का ठोकलेला असतो?

त्यांना तिकडे ग्रेन एलेव्हेटर म्हणतात, आणि नाव त्यातल्या मुख्य यंत्रावरून पडले आहे. धान्य वर चढवणारा बादल्यांचा पट्टा हे त्याचे हृदय. वाफेच्या यंत्राने चालणारा असा पहिला एलेव्हेटर जोसेफ डार्टने न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो बंदरात १८४२ च्या सुमारास उभारला. पुढे तीच कल्पना लहान होऊन गावोगावच्या सायडिंगवर पोचली.

काम असे चालते. भरलेली गाडी उताराच्या फलाटावर चढते आणि काट्यावर वजन होते. गाडी पुढे तिरकी करून धान्य जाळीतून खालच्या खड्ड्यात ओततात. रिकाम्या गाडीचे पुन्हा वजन करतात, दोन्हींतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा माल. खड्ड्यातून धान्य पट्ट्याच्या तळाशी येते, बादल्या ते सत्तर-ऐंशी फूट उंच माथ्यावर नेतात, आणि तिथली फिरती नळी ज्या कोठाराकडे वळवावी तिकडे ते पडते. तिथून पुढे सगळे काम गुरुत्वाकर्षणाचे. वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, भरायची झाली की कोठाराचे दार उघडायचे, बस. म्हणूनच इमारत उंच. धान्य एकदाच वर चढवायचे आणि नंतर फक्त खाली सोडायचे.

भिंतींचे बांधकाम बघण्यासारखे असते. दोन इंच जाडीच्या फळ्या आडव्या झोपवून एकीवर एक रचतात आणि प्रत्येक थर खिळ्यांनी खालच्या थरात ठोकतात. उभ्या खांबांची भिंत धान्याच्या रेट्याने बाहेर फुगते, ही रचलेली भिंत फुगत नाही. खाली सहा-आठ इंच रुंदीच्या फळ्या वापरतात आणि वर रेटा कमी, म्हणून चार इंचांच्या. धान्य पाण्यासारखे वागत नाही. भिंतींशी घर्षण होऊन वजनाचा मोठा भाग भिंतींवरच उतरतो आणि त्या वर्षानुवर्षे दबत, खचत जातात. जुना मनोरा एका बाजूला कललेला दिसतो तो बहुधा यामुळे किंवा पायाच्या ओलीमुळे.

पत्रा ठोकला तो आगीसाठी. वाफेच्या इंजिनाच्या धुराड्यातून ठिणग्या उडतात, एलेव्हेटर रुळांना खेटून उभा, आणि लाकूड वाळून कोळ झालेले. आतला धोका वेगळा आणि अधिक भयंकर. धान्याची धूळ हवेत तरंगत असताना बंदिस्त जागेत ठिणगी पडली तर स्फोट होतो. पट्टा घसरून घासणे, कोरडे पडलेले बेअरिंग तापणे आणि उघडी ज्योत ही नेहमीची कारणे. पहिला लहान स्फोट इमारतीत साचलेली धूळ झटकून हवेत उडवतो आणि दुसरा मोठा स्फोट त्या धुळीचा होतो. डिसेंबर १९७७ मध्ये लुइझियानातल्या वेस्टवेगो इथे नदीकाठच्या एलेव्हेटरमध्ये अशा स्फोटात ३६ जण मरण पावले. त्यानंतर १९८७ च्या नियमांनी ठरवून दिलेल्या जागी एक अष्टमांश इंचाहून जाड धूळ साचू न देण्याची अट आली. सव्वातीन मिलिमीटरसुद्धा होत नाही ती. पडक्या एलेव्हेटरमध्ये फोटोसाठी शिरण्याचा मोह होतो, त्याबद्दल कळकळीने सांगतो : शिरू नका. कुजलेली जमीन, उघडे खड्डे आणि कोठारात अडकून राहिलेले धान्य एका क्षणात माणूस गिळते.

प्रश्न : जुन्या स्टेशनच्या इमारतीची मधली खिडकी रुळांकडे पुढे काढलेली का असते?

तारमास्तराला जागेवरून न उठता दोन्ही दिशांचे रूळ दिसावेत म्हणून. लहान गावातली इमारत ठरलेल्या आराखड्याची असते. एका टोकाला उतारूंची खोली, दुसऱ्या टोकाला मालाची, मध्ये कचेरी. गाडीला द्यायचा हुकूम तारेने आला की तो पातळ कागदावर उतरवून, लांब दांड्याच्या चौकटीत अडकवून चालत्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती पोचवत. गाडी थांबली नाही तरी हुकूम पोचे.

प्रश्न : रेल्वे ज्या गावाला चुकवून गेली त्याचे काय होई?

पुष्कळदा गावच उठून रुळांकडे जाई, आणि हे अक्षरशः. लाकडी दुकाने ओंडक्यांवर चढवून घोड्यांनी ओढत नेल्याची उदाहरणे या मुलखात जागोजागी आहेत.

मनाला चटका लावणारे उदाहरण कॅन्ससमधल्या निकोडेमसचे आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या, मुख्यतः केंटकीहून आलेल्या कृष्णवर्णीयांनी १८७७ मध्ये हे गाव वसवले. सुरुवातीला त्यांना राहायला जमिनीत खोदलेली घरेच होती. दहा वर्षांत त्यांनी दुकाने, शाळा, चर्च, वर्तमानपत्रे उभी केली, आणि रेल्वे यावी म्हणून कर्जरोखे काढायलाही मतदारांनी मान्यता दिली. तो मार्ग आलाच नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकचे रूळ पडले, पण सॉलोमन नदीच्या पलीकडून. व्यापारी नदीपार रेल्वेच्या तळाकडे निघून गेले, आणि तिथे बोग हे गाव झाले. निकोडेमसची माती, माणसे, कष्ट काहीच बदलले नव्हते. फक्त रूळ काही मैल दक्षिणेला पडले होते. लोकांनी तरीही गाव सोडले नाही. १९९६ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

प्रश्न : मग ज्यांना रेल्वे मिळाली ती गावे तरी ओस का पडली?

एका घावात पडली नाहीत. गावाला रेल्वेने दिलेले एकेक काम काढून घेतले गेले.

इंजिन बदलण्याची गावे आधी हलली. साधारण शंभर-सव्वाशे मैलांवर एक मोठे स्टेशन असे. इंजिन आणि माणसे तिथे बदलत, कारण मालगाडीवरच्या माणसाची एका दिवसाची मजुरी शंभर मैलांवर बांधलेली होती. तिथे गोल इंजिनशेड, टर्नटेबल (इंजिन वळवायचा फिरता चबुतरा), कोळशाचा मनोरा आणि शेकडो नोकऱ्या होत्या. १९४० ते १९६० च्या दरम्यान डिझेल इंजिने आली. त्यांना पाणी भरायला थांबावे लागत नाही, राख काढावी लागत नाही, आणि ती शेकडो मैल न थांबता जातात. बारा-पंधरा वर्षांत ही कामे संपली.

टपालाचेही तसेच झाले. गाडीत पत्रे वर्गवारी करणारे टपालाचे डबे १९६७ मध्ये मोठ्या प्रमाणावर बंद झाले. टपालाचे पैसे गेले तशा उरल्यासुरल्या उतारू गाड्याही परवडेनाशा झाल्या. १ मे १९७१ रोजी अॅमट्रॅक ही देशव्यापी उतारू रेल्वे सुरू झाली तेव्हा लहान गावांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला गाडी आली.

शेवटचा घाव धान्याच्या वाहतुकीत बसला, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. पूर्वीच्या चाळीस फुटी बंद वाघिणीत हजार ते दोन हजार बुशेल गहू मावे. दाराला आतून फळ्या ठोकून ती भरत. लहान गावाचा तीस हजार बुशेलचा एलेव्हेटर अशा पंधरा-वीस वाघिणी भरू शकत होता, त्याचे भागत होते. पुढे वरून भरायच्या, खालून रिकाम्या होणाऱ्या मोठ्या वाघिणी आल्या. १९९० च्या दशकात त्यांचे मालासकट कमाल वजन २,६३,००० पौंडांवरून २,८६,००० पौंडांवर, म्हणजे जवळपास १३० टनांवर गेले. शाखामार्गांवरचे रूळ जुने, यार्डाला ६०-८० पौंड वजनाचे, खडी पातळ, आणि पूल लाकडी. अशा रुळांवर ही वाघीण चढली की सांध्याजवळ रूळ वाकतो, स्लीपर चिरतात, आणि गाडी ताशी दहा मैलांनी हाकावी लागते. मार्ग मजबूत करण्याचा खर्च तिथल्या मालातून निघत नाही.

त्यातच एका ठिकाणी भरून एका ठिकाणी रिकाम्या होणाऱ्या ११० वाघिणींच्या गाडीला रेल्वे कमी दर देऊ लागली. अशी गाडी भरायला सुमारे चार लाख बुशेल धान्य हवे, ते पंधराएक तासांत भरता यायला हवे, आणि ती उभी करायला दोन किलोमीटरपेक्षा लांब सायडिंग हवे. तीस हजारांच्या एलेव्हेटरला हे कसे झेपणार? शेतकऱ्याने ट्रक काढला आणि तीस-चाळीस मैलांवरचा मोठा एलेव्हेटर गाठला. घोडागाडीच्या एका दिवसावर बसवलेले गणित तिथे कायमचे मोडले.

कायद्याचीही यात भूमिका आहे. १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने दर ठरवण्याची आणि तोट्यातले मार्ग सोडण्याची मोकळीक वाढली. १९१६ मध्ये देशात सुमारे २,५४,००० मैल लोहमार्ग होता, आज तो सुमारे १,४०,००० मैल उरला आहे. त्या कायद्याने रेल्वे वाचली हे खरे, आणि शाखामार्गांवरची गावे तिच्याबरोबर वाचली नाहीत हेही तितकेच खरे.

प्रश्न : मुलगा आयोवात अशाच एका गावात राहतो. त्या गावाचा इतिहास स्वतः शोधायचा आहे. सुरुवात कुठून करू?

अगदी योग्य उद्योग, आणि बराचसा घरबसल्या होतो. क्रम मात्र पाळा.

आधी भूमापन खात्याच्या, म्हणजे यूएसजीएसच्या जुन्या उठाव नकाशांवर गाव शोधा. १८८४ पासूनचे हे नकाशे संगणकावर फुकट मिळतात. त्यावरून टाउनशिप, रेंज (टाउनशिपची पूर्व-पश्चिम जागा सांगणारा आकडा) आणि सेक्शन हे तीन आकडे टिपून घ्या. पुढची प्रत्येक कचेरी तुम्हाला गावाचे नाव नाही, हे आकडे विचारेल. मग केंद्रीय भूमी विभागाच्या नोंदीत त्या सेक्शनचा पहिला मालक पाहा : रेल्वे, होमस्टेडचा शेतकरी, की रोख खरेदीदार. तिसरी पायरी काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, मुख्य ठिकाणी. आयोवात ही कचेरी रेकॉर्डरची, नेब्रास्का-कॅन्ससमध्ये रजिस्टर ऑफ डीड्सची. तिथे गावठाणाचा मूळ आखीव नकाशा मागा, त्याला तिकडे प्लॅट म्हणतात. त्यावर आखणी करवून घेणाऱ्याचे नाव, रस्त्यांची मापे आणि नोंदणीची तारीख असते.

इथे हमखास होणारी चूक सांगतो. गावाला जन्मतारखा चार असतात. प्लॅट नोंदल्याची, टपाल कार्यालय उघडल्याची, पहिली गाडी आल्याची आणि नगरपालिका झाल्याची. स्मरणिकांत या एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि मग शताब्दी दोनदा साजरी होते. चारही वेगवेगळ्या लिहा. टपाल कार्यालयाची तारीख राष्ट्रीय अभिलेखागारातल्या पोस्टमास्तरांच्या नेमणुकांच्या नोंदींत सापडते. गाव सरकण्याआधी तेच टपाल कार्यालय दोन मैलांवरच्या एखाद्या शेतघरात असू शकते, तेव्हा तारीख रुळांच्याही आधीची निघाली तर दचकू नका.

इमारतींसाठी सॅनबॉर्न कंपनीचे अग्निविम्याचे नकाशे पाहा, ते लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहेत. प्रमाण एका इंचाला पन्नास फूट. पिवळा रंग लाकडी इमारतीचा, गुलाबी विटेचा, निळा दगडाचा. एकाच गावाचे दोन-तीन सालांचे नकाशे शेजारी ठेवले की आगीनंतर पिवळी रांग गुलाबी झालेली दिसते. फार लहान गावांचे हे नकाशे निघालेच नाहीत. तिथे रेल्वेचे मूल्यांकन नकाशे कामी येतात. १९१३ च्या कायद्यानंतर प्रत्येक रेल्वेला आपली सगळी मालमत्ता मोजून नकाशावर दाखवावी लागली. त्यांत टाकी, गँगचे घर, जनावरांचे कोंडवाडे, सायडिंगची लांबी सगळे असते.

कर्मचाऱ्यांसाठी छापलेले वेळापत्रक मिळाले तर ते सोन्यासारखे जपा. स्टेशनच्या नावापुढे एकेक अक्षर असते. डब्ल्यू म्हणजे पाणी, सी म्हणजे कोळसा, टी म्हणजे टर्नटेबल, वाय म्हणजे इंजिन फिरवायचा त्रिकोण. अक्षरांचा अर्थ रेल्वेगणिक थोडा बदलतो, म्हणून त्याच वेळापत्रकातली खुलाशाची तळटीप आधी वाचा. माणसांसाठी जनगणनेचे तक्ते आहेत. ते ७२ वर्षांनी खुले होतात, १९५० चे २०२२ मध्ये झाले. १८९० चे तक्ते मात्र १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ सगळेच गेले. नेमके गावे वसण्याच्या ऐन काळातले ते गेले, ही या विषयातली सर्वांत मोठी हानी. ती पोकळी राज्याच्या स्वतःच्या जनगणनांनी काही अंशी भरून निघते, आणि आयोवा त्या बाबतीत भाग्यवान आहे : १८८५ आणि १८९५ ची शिरगणती तिथे झालेली आहे.

प्रश्न : रूळ उखडलेल्या पट्ट्यावरून चालायला हरकत आहे का?

पट्टा कोणाचा, यावर ते अवलंबून आहे. मार्ग सोडल्यावर जमीन कुठे शेजारच्या शेतकऱ्याकडे जाते, कुठे रेल्वेकडेच राहते. केंद्रीय कायद्यातल्या १९८३ च्या दुरुस्तीनंतर ती पुढे कधी रूळ लागतील या अटीवर पायवाट म्हणूनही राखता येते. मिझुरीतली सुमारे २४० मैलांची केटी ट्रेल आणि उत्तर नेब्रास्कातली काउबॉय ट्रेल अशाच राखलेल्या आहेत, तिथे खुशाल चाला. पाटी नसेल तिथे विचारून जा. चालू रुळांवर चालणे हा गुन्हा आहे, आणि सपाट मुलखात मागून येणारी गाडी वाटते तितकी आधी ऐकू येत नाही.

उन्हाळ्यात गेलात तर रुळांच्या कडेची गवते जरूर पाहा. शेजारचे सगळे शेत नांगरले गेले, पण रेल्वेच्या कुंपणाआतल्या जमिनीला बऱ्याच ठिकाणी नांगर कधी लागलाच नाही. इलिनॉयमध्ये मूळ प्रेअरीचे, म्हणजे नैसर्गिक गवताळ मैदानाचे, तुकडे आज ज्या थोड्या जागी तग धरून आहेत, त्यांत हे पट्टे आहेत. बिग ब्लूस्टेम हे माणसाच्या डोक्याच्या वर जाणारे गवत ओळखायला सोपे : टोकाला तीन बोटांसारखा तुरा असतो. ऑगस्टच्या शेवटी तो जांभळट तांबूस होतो.